दर वर्षी धोंड्याचा महिना

मोबाइलला गरीब-श्रीमंत असा भेद कळत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. टॉवर एकच, लहरी त्याच, आणि रेंज गेली की दोघंही सारखेच ‘हॅलो, हॅलो’ करत गॅलरीत धावतात. आता एकाची गॅलरी समुद्राकडे उघडते आणि दुसऱ्याला गॅलरीच नसते, याला टॉवर काय करणार?

तेव्हा कुरकुर सोडा आणि आधी महिना म्हणजे काय ते नव्याने शिका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर विसंबू नका. रिचार्जचा महिना 28 दिवसांचा असतो. तुमचा पगार तीस-एकतीस दिवसांनी होत असेल तर तो तुमच्या मालकाचा आळस. 365 ला 28 ने भागून बघा, वर्षाचे तेरा महिने भरतात. पंचांगवाल्यांनी 2023 मध्ये अधिक श्रावण दिला आणि मग थेट 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. किती हा कंजूषपणा! इथे दर वर्षी न चुकता धोंड्याचा महिना. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे देतोच ना आपण? हा जावई अनारशांवर भागवत नाही, एवढंच. ‘निदान एक तरी पॅक 30 दिवसांचा ठेवा,’ असं ट्रायने, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाने, 2022 मध्ये कंपन्यांना बजावलं होतं. ठेवलाय की. ॲपमध्ये अंगठा दुखेपर्यंत खाली सरकवा, सापडेल.

पोस्टपेडवाल्याला मात्र कॅलेंडरातलाच महिना मिळतो, आणि पैसेही आधी वापरून मग द्यायचे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला उधारी, ज्याच्याकडे नाहीत त्याला आगाऊ रोख. किराणावालाही असंच करतो, त्यामुळे यात नवीन काही नाही.

फोन स्वस्त होता आणि आता महाग झाला, असं तर मुळीच म्हणू नका. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, त्या काळात मिनिटाला 16 रुपयांपर्यंत पडत. आलेला फोन उचलला तरी मीटर चालू. कुणी ‘कसा आहेस?’ विचारलं तर ‘बरा’ एवढंच म्हणणं परवडायचं. पुढे फोन खालपर्यंत झिरपला तेव्हा गरिबाने या तंत्रज्ञानात स्वतःची भर घातली, ती मिस्ड कॉलची. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे तूच लाव. या शोधाचं पेटंट कुणी घेतलं नाही, नाहीतर त्याचंही पॅक निघालं असतं.

2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि लोक बिघडले. नुसता आलेला फोन घ्यायला फोन बाळगू लागले! 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी शिस्त लावली. नंबर जिवंत हवा असेल तर किमान रिचार्ज, 28 दिवसांना 35 रुपये. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर मोठ्या खासगी कंपन्यांचा 28 दिवसांचा स्वस्तातला पॅक 189 ते 199 वर गेला. माझी गावाकडची आत्या फोन कधीच लावत नाही, फक्त उचलते. तिला या पैशांत 2 जीबी डेटा मिळतो, जो अठ्ठाविसाव्या दिवशी कोराच्या कोरा परत जातो. तिने नेट वापरायला शिकावं, असा माझा सल्ला आहे. वय 74 आहे, शिकेल.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायला अशा आत्यांची दया आली आणि नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक काढा, असा हुकूम निघाला. निघाले. साधारण साडेचारशेच्या घरात, 84 दिवसांचे. म्हणजे तीन महिन्यांचे पैसे एकदम मोजा आणि बचत करा. रोजंदारीवर असाल तर गरिबांसाठीचा पॅक परवडण्यापुरतं तरी श्रीमंत व्हा.

आणि रिचार्ज चुकवू नका. लाडक्या बहिणींनी 2025 मध्ये ई-केवायसी केली, ती आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो म्हणून. दीड हजार हवेत, तर त्यातले दोनशे फोनच्या तोंडी घाला. नंबर फार दिवस बंद राहिला की कंपनी तो दुसऱ्या कुणाला देते. मग तुमचा ओटीपी त्याच्याकडे जाईल. सज्जन असला तर सांगेल.

श्रीमंत ग्राहकाचा हेवा करू नका, त्याचेही हाल आहेत. व्हर्टू नावाचे फोन यायचे, लाखांचे, बाजूला माणिकाची कळ. ती दाबली की दिमतीला माणूस हजर. बिचाऱ्याला लगेच काहीतरी काम सांगावं लागायचं. तुम्हाला मात्र ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं दर अर्ध्या मिनिटाला, संगीतासह, कुणी ना कुणी सांगत असतं. 2020 मध्ये जादा पैसे देणाऱ्यांना नेटवर्कच्या रांगेत पुढे घेऊन जादा वेग देणारे प्लॅन आले होते. ट्रायने ते थांबवायला सांगितले. रांगेचं कौतुक सरकारी माणसालाच.

आत्याचा पॅक परवा संपला. तसा मेसेज तिला आला असणार, इंग्रजीत. मला मिस्ड कॉल द्यावा, तर आउटगोइंग बंद. काल एका अनोळखी नंबरावरून तीन रिंगा वाजल्या आणि फोन कट झाला.