मूळ प्रतीसह दोन झेरॉक्स

तीन वेळा विचारलं हो त्या संगणकाने. आधी म्हणाला, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू? पोराने दाबलं. मग म्हणाला, सुरू करू? दाबलं. मग पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह काढून म्हणाला, यावरचं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? पोराने तेही दाबलं. मान वाकडी करून खांद्यावर फोन धरलेला, आणि मोकळ्या हाताने कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेशनच्या यंत्रात सरकवणं चालू. लग्नात अक्षता पडायच्या आधीसुद्धा इतक्यांदा कुणी विचारत नाही.

"सर, पेनड्राइव्ह करप्ट होता. नीट करून दिलाय. वीस रुपये."

तो करप्ट नव्हता. तो एक्स्ट-फोर होता.

हे वाक्य नारायणगावातल्या झेरॉक्सच्या दुकानात, सकाळी साडेअकराला, दहा-बारा माणसांच्या रांगेत मोठ्याने उच्चारायचं नसतं, हे मला आता कळलंय.

मागचं थोडक्यात सांगतो. विजेचं मीटर वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर करायचं होतं. त्यासाठी अर्ज, 'मूळ प्रतीसह दोन झेरॉक्स'. घरी प्रिंटर आहे, पण त्याचं आणि माझ्या लॅपटॉपमधल्या लिनक्सचं (विंडोजच्या जागी असतं ते) बोलणं गेल्या दिवाळीपासून बंद आहे. शिवाय कार्ट्रिजमध्ये बाहेरची शाई भरली की आतल्या चिपला ते कळतं आणि प्रिंटर रुसून बसतो. माझ्या पैशाने घेतलेला, माझ्या टेबलावर बसलेला, माझी वीज पिणारा प्रिंटर मी कुठली शाई वापरावी हे ठरवतो. असो. म्हणून पेनड्राइव्ह घेऊन निघालो.

आता पेनड्राइव्ह एक्स्ट-फोर का, म्हणजे दुकानातल्या विंडोजला वाचताच न येणाऱ्या पद्धतीचा का, हे विचाराल. बायकोनेही विचारलं. जगातले बाकीचे पेनड्राइव्ह फॅट नावाच्या पद्धतीचे असतात आणि ते कुठेही लावा, चालतात. पण २००९ साली मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या नकाशेवाल्या कंपनीला कोर्टात खेचलं. त्यांच्या यंत्रांत लिनक्स होतं आणि फॅटमध्ये फायलींना लांब नावं ठेवायच्या युक्तीचं पेटंट मायक्रोसॉफ्टकडे होतं. महिन्याभरात टॉमटॉमने पैसे देऊन मिटवलं. लांब नावांचं पेटंट! स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि वर 'राव' लावणारा आपला अख्खा महाराष्ट्र या हिशेबाने देणेकरी निघायचा. त्या दिवशी मी शपथ घेतली की माझ्या घरात फॅट येणार नाही. (बायकोने या वाक्यावर माझ्या पोटाकडे पाहिलं. तो विषय वेगळा.) ती पेटंटं आता जुनी झाली, भांडणही विझलं, पण शपथ ती शपथ. तिची किंमत सोळा वर्षांनी वीस रुपये लागली.

तर दुकान. माझ्यामागे एक काका होते. पांढरी टोपी, हातविणीचा स्वेटर, काखेत प्लास्टिकची फाइल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मला हे माहीत आहे, कारण त्यांनी ते न विचारता सांगितलं. नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचा महिना. काका दहा वाजल्यापासून सिद्ध करत होते आणि अंगठ्याचं यंत्र काही केल्या मानत नव्हतं.

"काय फोर म्हणालात?" काकांनी विचारलं.

"एक्स्ट-फोर. लिनक्सची पद्धत आहे फायली ठेवायची."

"लिनक्स." काकांनी शब्द सुपारीसारखा या गालातून त्या गालात फिरवला. "म्हणजे ते हॅकर लोक वापरतात ते?"

"नाही हो. साधी ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज असतं ना, तसं."

"मग विंडोजच का नाही वापरत?"

हा प्रश्न मला वीसेक वर्षं लोक विचारतायत आणि उत्तर देताना माझा आवाज दर वेळी एक पट्टी वर जातो. "कारण हे मुक्त आहे, काका."

"मुक्त? नाशिकचं?"

"नाशिकचं काय?"

"मुक्त विद्यापीठ. आमची धाकटी सून तिथूनच बीए झाली. चांगलं आहे, घरबसल्या होतं."

"तसं मुक्त नव्हे. म्हणजे कुणीही वापरावं, आत काय लिहिलंय ते उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं."

"आणि पैसे?"

"पैसे नाहीत."

इथे चुकलं. काका अर्धं पाऊल मागे सरकले. आणखी जागा असती तर पूर्ण सरकले असते. रांगेतल्या एका बाईंनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"फुकट?" काकांचा आवाज खाली आला. "मग त्यांना काय मिळतं?"

"कुणाला?"

"ज्यांनी केलं त्यांना. कुणीतरी केलंच असेल ना? अहो, फुकट कोण देतं? चौतीस वर्षं काढली खात्यात. फुकट मी फक्त चहा पाहिला, आणि त्या चहामागे दर वेळी एक ठेकेदार उभा असायचा."

याला उत्तर द्यायला चांगला अर्धा तास लागतो. मी तोंड उघडतोय तोवर दुकानातल्या पोराने फोन ठेवला आणि चर्चेत उडी घेतली. "सर, लॅपटॉप घेऊन या तुमचा. ओरिजिनल विंडोज मारून देतो. तीनशे रुपये. ऑफिस पण टाकतो त्यातच."

"बघा!" काका खुलले. "तीनशेत ओरिजिनल!"

"काका, ते ओरिजिनल नाही. चोरीचं आहे."

"चोरीचं नाय सर," पोरगा दुखावला. "क्रॅक आहे."

रांगेला हे पटलं. तीनशे रुपयांची चोरी ही रीतसर वस्तू, तिला दर आहे, दुकान आहे, उद्या बिघडली तर धरायला माणूस आहे. दिलेली वस्तू मात्र संशयास्पद. आणि हे त्या कंपनीलाही चांगलं ठाऊक होतं. १९९८ साली खुद्द बिल गेट्स एका विद्यापीठातल्या कार्यक्रमात चीनबद्दल बोलताना म्हणून गेले होते की चोरणारच आहेत तर आमचंच चोरू देत, सवय लागेल, मग पैसे कसे वसूल करायचे ते पुढे बघू. बघितलंच त्यांनी. समोरच्या भिंतीवर या पोराचं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं. त्याला विचारलं, यातलं एमएस म्हणजे काय रे? तो म्हणाला, मायक्रोसॉफ्ट. ते 'महाराष्ट्र स्टेट' आहे. राज्याने स्वतःचं नाव दिलं आणि जनतेने ते परस्पर कंपनीच्या खात्यावर जमा केलं.

मग मीही पेटलो. म्हटलं, काका, जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक घ्या. २०१७ पासून पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. २०२१ मध्ये मंगळावर जे छोटं हेलिकॉप्टर उडालं त्याच्यात लिनक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स. लांब कशाला, आपल्या खोडदला त्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिशा आहेत ना, पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटरच्या? त्यांच्याकडून येणारं सगळं जिथे एकत्र होतं ते संगणक लिनक्सवर. त्याच दुर्बिणीतून एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा संदेश शास्त्रज्ञांनी टिपला, २०२३ साली जाहीर झालं. तिथून निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्य नव्हता. ८८० कोटी वर्षं प्रवास करून तो संदेश नारायणगावच्या शेजारी येऊन नीट वाचला गेला!

काका गप्प झाले. रांगही जरा गप्प झाली. मला वाटलं, जिंकलो.

"मग खोडदलाच जाऊन काढा की प्रिंट," काका म्हणाले.

यावर हसले सगळे. पोरगा सगळ्यात जास्त. मीही हसलो, तोंडाने.

गंमत अशी की या सगळ्या भानगडीची सुरुवात प्रिंटरपासूनच झाली. तोही झेरॉक्स कंपनीचाच. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्यांची कामं खोळंबली असतील त्यांच्या पडद्यावर निरोप जाईल, अशी सोय त्याने स्वतः लिहून केली होती. मग झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर भेट दिला. हा पण अडकायचा, पण त्याचा प्रोग्रॅम उघडून बघायची सोय नव्हती. लोक दुसऱ्या मजल्यावरून यायचे, तासभराने, आणि बघायचे तर कागद अडकलेला. स्टॉलमन दुसऱ्या विद्यापीठात तो प्रोग्रॅम ज्याच्याकडे होता त्याच्याकडे गेला. तो म्हणाला, देणार नाही, तसं लिहून दिलंय. स्टॉलमनच्या डोक्यात ते इतकं बसलं की १९८३ मध्ये त्याने सगळी ऑपरेटिंग सिस्टिमच नव्याने, सगळ्यांसाठी खुली लिहायची असं जाहीर केलं. तिला गाभा, म्हणजेच लिनक्स, मिळाला तो १९९१ मध्ये, फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून. त्याने आधीच सांगून टाकलं होतं की हा आपला छंद आहे, काही मोठं व्हायचं नाही.

ही कथा मी काकांना सांगितली. पूर्ण. रांग तेवढी लांब होती.

"सही केली होती ना त्या माणसाने?" काका म्हणाले. "मग कसा देईल? बरोबरच केलं त्यानं."

"काका, स्टॉलमनने पुढे स्वतःचा ईमॅक्स नावाचा प्रोग्रॅम टेपवर भरून विकलाय. दीडशे डॉलरला एक टेप. मुक्त म्हणजे फुकटच असं नाही."

"दीडशे डॉलर!" काकांच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदाच आदर दिसला. "हे आधी सांगायचं ना."

शेवटी पोराने उपाय सांगितला. "सर, पेनड्राइव्ह कोण वापरतं आता? व्हॉट्सॲपला टाका पीडीएफ." माझ्या फोनवर व्हॉट्सॲप नाही. तत्त्व म्हणून नाही. हे मी बोललो तेव्हा त्या पर्सवाल्या बाईंनी माझ्याकडे, घरात पायखाना नाही म्हणणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. घरी गेलो, अर्जाची प्रत लॅपटॉपवर होतीच, ती बायकोच्या फोनवरून पाठवली. माझं नाव, वडिलांचं नाव, त्यांच्या मृत्यूची तारीख, ग्राहक क्रमांक, सगळं एका झेरॉक्सवाल्याच्या फोनमध्ये, दोनशे-अडीचशे अनोळखी आधार कार्डांच्या खाली जाऊन पडलं. ते आता तिथेच राहणार. पुसायचं असेल तेव्हा पोरगा नेमका दाबणार नाही.

परत दुकानात आलो तर काका तिथेच. बाकड्यावर बसून अंगठा धोतराला घासत होते. "रेघाच राहिल्या नाहीत म्हणतोय," ते म्हणाले. "फावड्यानं गेल्या. नोकरीत होतो तरी शेती मीच केली." पोरगा म्हणाला, काका, साबणाने धुऊन या. काका उठले, धुऊन आले, लावला. लाल दिवा. काका यंत्राला म्हणाले, "माफ कर बाबा, परत लावतो."

हे ऐकून माझी मस्करी करायची इच्छा गेली. यंत्राला माणूस ओळखता येत नाही आणि माफी माणूस मागतो. लॅपटॉपचं तेच, प्रिंटरचं तेच. आतमध्ये काय लिहून ठेवलंय ते आपल्याला बघायला मिळत नाही, म्हणून चूक आपली.

सातव्या वेळेला हिरवा दिवा लागला. काका जिवंत निघाले. रांगेने टाळ्या वाजवल्या.

माझं पान निघालं, खालची ओळ अर्धी कापून, म्हणजे सहीच्या जागेवर. दोन झेरॉक्स काढल्या. पेनड्राइव्हचे वीस मी दिले नाहीत, त्यावरून वाद झाला, मग दहा दिले. का दिले, अजून कळत नाही.

बाहेर पडतो तर काका मागोमाग.

"अहो, ऐका. नातवाचा जुना लॅपटॉप आहे घरी. चांगला चालतोय. पण त्याचं ते विंडोज दहा का काय, ते ऑक्टोबरात बंद झालं म्हणे."

"चौदा तारखेला त्यांनी सांभाळायचं सोडलं."

"आणि अकरा चढत नाही म्हणतो हा पोरगा. आत कसली तरी चिप लागते, ती नाही. नवा घ्या म्हणतो." काकांनी इकडेतिकडे बघितलं. "तुमचं ते चालेल का त्याच्यावर?"

वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी आपणहून विचारला नव्हता. घशात काहीतरी आलं. म्हटलं, चालेल काका, पळेल. उद्याच घेऊन या, घरी बसून टाकून देतो.

"किती घ्याल?"

'काही नको' ओठांवर आलं होतं. काकांचं पाऊलही मला दिसलं, मागे सरकायच्या तयारीतलं.

"पाचशे," मी म्हणालो.

"तीनशे," काका म्हणाले.