स्नॅपशॉट आहे ना? मग झोपा निवांत

अभिनंदन! दहा जुने सर्व्हर भंगारात गेले, त्यांच्या जागी व्हीएमवेअरचा एकच दांडगा होस्ट आला; जुने सर्व्हर आता त्याच्या पोटात व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, बनून चालतात. वीजबिल उतरलं, साहेब खूश. आता हे सगळं रीतसर बुडवायचं कसं, ते सांगतो.

दोन्ही डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारे सर्व्हर) एकाच होस्टवर ठेवा. कागदावर दोन दिसतात, ऑडिटरला तेवढं पुरतं.

प्रत्येक व्हीएमला सढळ हाताने 8 व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) द्या, टॅलीवाल्यालासुद्धा. फिजिकल कोर 16च आहेत? असू देत. व्हीएम कोरसाठी रांगेत उभे राहतील, सीपीयू रेडी, म्हणजे कोरची वाट बघण्याचा वेळ, चढेल, आणि आतल्या टास्क मॅनेजरला त्याचा पत्ताही नसेल. मग नेटवर्कवाल्याला धरा.

डिस्क थिन ठेवा, म्हणजे कागदावर मोठी, पण जागा लिहू तेवढीच घेणारी. 4 टीबीच्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) 9 टीबी वाटा. अलार्मचे मेल फार येतात, बंद करा.

आता मुख्य कला: स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं. पॅच टाकण्याआधी घ्या, नाव ‘टेस्ट’ ठेवा आणि विसरा. परवा एका ऑफिसात दिवाळीतला ‘टेस्ट’ जूनमध्ये सापडला, तोही चालू डेटाबेसवर! व्हीएमवेअर म्हणतं 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका. त्यांना काय कळतंय? स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीएमडीके (व्हीएमची डिस्क फाइल) गोठते आणि पुढचं सगळं लिखाण डेल्टा फाइलमध्ये जातं. ही डेल्टा फुगत फुगत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. म्हणजे 500 जीबीच्या डिस्कवर दोन ‘टेस्ट’ असले, तर दीड टीबीपर्यंत मजल. डेटास्टोअर भरला की व्हीएम जागच्या जागी थिजतात, आणि ते हमखास पगाराच्या दिवशी.

मग घाबरून ‘डिलीट’ऐवजी ‘रिव्हर्ट’ दाबा. अहो, डिलीट म्हणजे डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळणं, त्यात आजचा डेटा राहतो. रिव्हर्ट म्हणजे थेट दिवाळीत! पण बटणाखालचं वाचायचं कोणी? त्याहून हुशार लोक डेटास्टोअर ब्राउझर उघडून ‘-000001’वाली डेल्टा फाइल फालतू समजून हाताने उडवतात. संपली साखळी.

आणि वर तोंड करून म्हणायचं, ‘बॅकअप होता ना, स्नॅपशॉट होता!’ कसला बॅकअप? डेल्टा त्याच डेटास्टोअरवर, त्याच रेडवर (डिस्कच्या संचावर) पडलेली. मूळ डिस्क गेली तर तिला कोणी विचारत नाही. बॅकअप दुसऱ्या मशीनवर लागतो आणि तो रिस्टोअर करून पाहिलेला लागतो. एवढंही करायचं नसेल, तर रूट पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्या.

आता गंमत बाजूला: आरव्हीटूल्स (सगळ्या व्हीएमची माहिती दाखवणारं टूल) चालवा, व्हीस्नॅपशॉट टॅबमध्ये तारखा बघा. तीन दिवसांपेक्षा जुने असतील तर आधी खरा बॅकअप घ्या, मग मोकळी जागा तपासा. मिसळताना थिन डिस्क फुगते. रात्री लोड कमी झाला की एकेक करून डिलीट करा. आणि 99 टक्क्यांवर तास गेला म्हणून होस्ट रीबूट करू नका.