निळ्यावाचून अडलेले काळे

आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, कुलदैवताच्या तसबिरीखाली, विणलेल्या रुमालाने झाकलेला एक इंकजेट प्रिंटर आहे. चार वर्षांपूर्वी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून तो आणला, तेव्हा त्याची किंमत इतकी कमी होती की दुकानदाराचाच काही हिशेब चुकला असावा अशी शंका मला आली, आणि ती त्याच्याही मनात येण्याआधी मी खोके उचलून घाईघाईने ऑटोत जाऊन बसलो. हिशेब कोणाचा चुकला होता, हे पहिल्या खेपेची शाई संपली तेव्हा कळले. काळा, निळा, किरमिजी आणि पिवळा अशी चार कार्ट्रिज असतात. चारही नवी घ्यायची म्हटले की यंत्राचीच किंमत पुन्हा मोजल्यासारखे वाटते. मराठीत कार्ट्रिजचा बंदुकीतला जुना अवतार 'काडतूस' म्हणून ओळखला जातो. प्रिंटरच्या बाबतीतही तोच शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण गोळी नेमकी गिऱ्हाइकाच्या खिशाला लागते.

या प्रिंटरचा एक स्वभाव मी नीट पाहून ठेवला आहे. गावभराच्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते, सौ.च्या भिशीच्या याद्या, सोसायटीच्या पाण्याच्या वेळा असले बिनमहत्त्वाचे काम तो निमूटपणे करतो. कामाला मुदत आहे असा वास लागला मात्र, की त्याची शाई संपते. गेल्या मे महिन्यात चिरंजीवांची प्रवेश परीक्षा होती. सकाळी सातला घर सोडायचे होते आणि रात्री सव्वादहाला, जेवणे आटोपल्यावर, त्यांनी अत्यंत शांतपणे सांगितले, "बाबा, प्रवेशपत्र छापायचं राहिलंय."

मी रुमाल काढला, यंत्र सुरू केले, आदेश दिला. यंत्राने घसा खाकरला, आतल्या आत दोनदा येरझारा घातल्या आणि संगणकाच्या पडद्यावर निरोप पाठवला की निळी शाई संपली आहे. प्रवेशपत्र काळ्या अक्षरांत चालणार होते, काळी शाई काठोकाठ होती, आणि तसे मी यंत्राला निवडूनही दिले. पण लग्नाच्या पंगतीत सर्व वाढून तयार असताना एक आत्याबाई रुसून बसल्या म्हणून पहिला घास अडावा, तसे निळ्यासाठी काळे अडून बसले.

यामागे शास्त्र आहे, हे मी नंतर वाचले. आमच्या जातीच्या प्रिंटरमध्ये छापणाऱ्या डोक्यात अतिसूक्ष्म तापके असतात. क्षणार्धात शाई तापते, वाफेचा बुडबुडा होतो आणि तो शाईचा थेंब कागदावर ढकलतो. हा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात, म्हणजे एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले मोजके काही. तापलेल्या तापकाला थंड ठेवण्याचे कामही ती शाईच करते, त्यामुळे कोरडे चालवले तर डोके जळू शकते. कारण पटण्यासारखे आहे. परंतु ज्याला त्या वेळी काम नाही, त्याच्या डोक्याची काळजी यंत्राने रात्री साडेदहालाच का करावी, हे मला अजून पटलेले नाही.

मग मी शहाणपणा करून 'सफाई' नावाचे बटण दाबले. सफाई म्हणजे यंत्राने आपली नळी मोकळी करण्यासाठी उरलेली शाई आतल्या स्पंजावर सांडणे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तीनदा सफाई झाल्यावर किरमिजी आणि पिवळ्यानेही निळ्याला पाठिंबा जाहीर केला. अखेर चौकातल्या झेरॉक्सवाल्याने शटर अर्धे खाली ओढलेले असताना वाकून आत शिरलो आणि दहा रुपयांत प्रवेशपत्र मिळवले. घरच्या यंत्राने तेवढ्या रकमेची शाई नुसती सफाईतच प्यायली असेल.

दुसऱ्या दिवशी रिकामी कार्ट्रिज बर्फीच्या डब्यात घालून रिफिल करणाऱ्याकडे गेलो. दुकान चिंचोळे, समोर कूलर घरघरत होता आणि टेबलावर इंजेक्शनच्या सुया, वर्तमानपत्राचे तुकडे आणि चार रंगांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. त्याने निळ्याच्या माथ्यावरची पट्टी सोलली, छिद्रात सुई खुपसली आणि सलाईन लावणाऱ्याच्या सवयीने हळूहळू शाई सोडली. मी उगाच धरायला मदत केली. त्यामुळे पुढचे तीन दिवस भेटेल तो मला मतदान कोणते होते हे विचारत होता, आणि पाचही बोटे दाखवल्यावर काही तरी भलताच संशय घेत होता.

"पण जी, शाई भरली तरी हे मशीन संपली म्हणूनच सांगते ना," मी म्हणालो.

"सांगनारच काका. ते शाई पाहत नाही, थेंब मोजते. चिपवर लिहून ठेवते, इतके उडाले म्हणून. आता तुम्ही भरली हे त्याले काय माहीत?" त्याने सुई पुसली. "बटन पाच-सहा सेकंद दाबून धरा. मंग विचारतच नाही ते."

म्हणजे त्या रात्री यंत्राने हौदात डोकावून पाहिलेच नव्हते. जुन्या मुनीमजीप्रमाणे वहीत शिल्लक शून्य लिहिली होती, एवढेच. आणि ज्या बटणापाशी मी रात्रभर हात जोडून उभा होतो, ते नुसते दाबून धरायचे होते!

"पन डोकं सुकलं असंन तं काही होत नाही," तो पुढे म्हणाला. "आपला उन्हाळा कसा आहे, पाहता ना."

पाहतो तर काय! २३ मे २०१३ ला ४७.९ अंश सोसलेल्या या गावात माणसाच्या डोक्याची हमी कोणी देत नाही, तिथे केसाहून बारीक छिद्रांची कोण देणार? बरे, यंत्र कूलरसमोर ठेवावे तर कागद दमट होऊन दोन-दोन एकदम आत शिरतात.

घरी येऊन मी बटण दाबून धरले. दिवा लुकलुकला, यंत्र खाकरले आणि खरोखरच काही न विचारता तपासणीचा कागद बाहेर आला. निळ्या रेषा अशा तेजस्वी, सलग आणि ठसठशीत उमटल्या होत्या की चिरंजीवही पाहत राहिले. त्याच्या वरची जागा, जिथे काळ्याची जाळी उमटायला हवी होती, ती पांढरीशुभ्र होती.

"बाबा," ते म्हणाले, "परवाचा दुसरा पेपर आहे. त्याचं प्रवेशपत्र निळ्यात काढलं तर चालेल का?"