मोर संपेपर्यंत पँट थांबेल

शिवण आणि भरतकाम दोन्ही करणारं एकच घरगुती मशीन मिळतं, ही बातमी आमच्याकडे फुटल्यापासून घरातल्या प्रत्येकाला शिवणातलं कळायला लागलं.

नवऱ्याने एक्सेल उघडलं. एका ब्लाऊजच्या भरतकामाला बाहेर काय पडतं, वर्षाला किती ब्लाऊज होतात, आणि समोर मशीनची किंमत. ती पाच आकडी, पण सहाव्या आकड्याकडे डोळे लावून बसलेली. हिशोबाअंती असं निघालं की पैसे वसूल व्हायचे तर मला आठवड्याला एक नवा ब्लाऊज घालावा लागेल, आणि तोही पंचाहत्तरी उलटेपर्यंत. मी म्हटलं, माझी तयारी आहे.

न्यू जर्सीहून नणंदेचा फोन. "वहिनी, इथे सेलमध्ये कितीतरी स्वस्त मिळतं. येताना मी घेऊन येते." तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. म्हणजे मशीनसोबत एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर सांभाळायचा, आणि बिघडलं तर गॅरंटीचं कार्ड घेऊन जायचं कुठे, तर न्यू जर्सीला. शिवाय येताना तिने मशीन आणलं की जाताना तेवढ्याच वजनाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला माझ्याकडून जाणार, हे एक्सेलमध्ये धरलेलंच नव्हतं.

मग दुकानं. पुण्यात शिवणाचं सामान म्हटलं की पाय आपोआप रविवार पेठेत बोहरी आळीकडे वळतात. पण आम्हाला जिथे जायचं होतं ते एसी शोरूम. तिथे विक्रेता 'ताई' म्हणत नाही, 'मॅम' म्हणतो आणि आकड्यांनी सुरुवात करतो. "मॅम, यात 103 टाके, 80 डिझाइन्स, 6 फॉन्ट." 103 टाके! त्यातले माणूस वापरतो मोजून चार : सरळ, झिगझॅग, काज आणि एक तो बदकांच्या रांगेचा. तोही पहिल्याच दिवशी, शेजारणीला दाखवायला.

माझं स्पष्ट मत आहे की हे आकडे कानाआड करावेत आणि एकच विचारावं : फ्रेम, म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, केवढी? त्यातल्या त्यात परवडणाऱ्या मशिनांची फ्रेम बहुतेक 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटर. तळहाताएवढी. पोटात किती का डिझाइन्स असेनात, सुई त्या चौकोनाबाहेर पाऊल टाकत नाही. ब्लाऊजच्या पाठीवर मोर हवा असेल तर आधी मुंडकं आणि मान भरायची, कापड सोडवायचं, पुन्हा ताणून लावायचं आणि मग पिसारा. मधे कापड जरासं सरकलं की मोर मानेत लचक भरल्यासारखा जन्मभर तुमच्या पाठीवर. म्हणून 18 बाय 13 ची फ्रेम बघायची. ती बघितली की किंमतही बघावी लागते, आणि नवरा पुन्हा लॅपटॉप उघडतो.

दुकानातला डेमो नेहमी जाड, पांढऱ्या, कडक कापडावर असतो. त्यावर कुठलंही मशीन शहाण्यासारखं वागतं. मी घरून खणाचा तुकडा नेला होता. विक्रेत्याने नाइलाजाने तो घेतला, खाली आधाराला 'पेपर' लावला (असतो कापडासारखाच, पण सगळे त्याला पेपरच म्हणतात), दोन रिंगांमध्ये बसवला, स्क्रू पिळला आणि बटण दाबलं. जन्मभर आपण कापड हातानं सरकवलेलं. इथे सुई जागच्या जागी आणि फ्रेम आपली आपण मागे-पुढे, डावी-उजवीकडे धावतेय. खरं सांगते, बघत राहावंसं वाटलं. हिरवा रंग संपला, मशीन थांबलं आणि टूं टूं करायला लागलं.

"काय झालं?"

"काही नाही मॅम, दोरा बदलायचा."

सुई एकच. प्रत्येक रंगाला आपण उठायचं, जुना दोरा काढायचा, नवा ओवायचा, पुन्हा बटण दाबायचं. आणि मोराला रंग बारा. कुकरच्या शिट्ट्या एकीकडे, मोराच्या एकीकडे.

एवढा वेळ गप्प असलेल्या नवऱ्याने आता विचारलं, "मिनिटाला टाके किती?" भरताना 400 धरा, विक्रेता म्हणाला. मोर साधारण 20,000 टाक्यांचा. म्हणजे नुसते टाकेच 50 मिनिटांचे, दोरे बदलणं वेगळं.

"आणि त्या वेळात माझ्या पँटची उंची कमी करायची असेल तर?"

"मोर संपेपर्यंत पँट थांबेल, सर."

दोन्ही कामं एकाच मशीनवर होतात हे खरं. पण एका वेळी एकच, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही. आणि मोर संपला म्हणून लगेच पँट होत नाही. भरतकामाचा भाग काढून ठेवायचा, मशीनचा पाय बदलायचा, सुई बदलायची, बॉबिनमधला बारीक दोरा काढून नेहमीचा घालायचा. अर्ध्या इंचाच्या दुमडीसाठी.

तेवढ्यात फ्रेम उघडली. मोर देखणा, पण त्याच्याभोवती खणाला बारीक बारीक चुण्या. "इस्त्री मारली की जातात मॅम." हे वाक्य मी ब्लाऊजवाल्यांकडून इतकं ऐकलंय की ते मशीनबरोबर छापूनच येतं की काय, असं वाटलं.

सासूबाई सोबत होत्या. घरात चांगलं काळं पायमशीन असताना हे कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. विक्रेत्याने 'जुनं द्या, सूट घ्या' म्हटल्यावर त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ती योजना तिथल्या तिथे मागे घेतली. मग त्यांनी विचारलं, "यावर नाव घालता येतं?"

येतं, पण इंग्रजीत. आम्हाला दाखवलेल्या सगळ्या मशिनांतले फॉन्ट रोमन. देवनागरी हवी तर आधी कॉम्प्युटरवर अक्षरांचे टाके पाडायचे. त्यासाठी इंक-स्टिच नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मग मशीनला कळेल अशी फाइल करायची. ब्रदर कंपनीच्या मशीनला पीईएस प्रकारची लागते, जानोमेच्या मशीनला जेईएफ. एकाची दुसऱ्याला चालेलच असं नाही. मग पेनड्राइव्ह. त्यातही शिरोरेखा हे वेगळंच दुखणं. दाट टाके कापड ओढून घेतात, रेघ जागेवरून सरकते आणि शेवटचं अक्षर छपराबाहेर पावसात उभं राहतं. जोडाक्षरांचं तर विचारूच नका.

हे सगळं मी सासूबाईंना सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पर्समधून चेकबुक काढलं.

"मोठ्या फ्रेमचं घे. निम्मे माझे. पायमशीन पँटींना राहू दे."

नवऱ्याने लॅपटॉप मिटला.

"फक्त आमच्या भजनी मंडळाच्या टाळांच्या पिशव्यांवर सगळ्यांची नावं घालून दे," सही करता करता त्या म्हणाल्या. "मराठीतून. पहिली ज्योत्स्नाताईंची."