विंडसर्फिंग वाऱ्यावर चालतं, पण बोर्ड वाऱ्यापासून बनत नाही

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर धावण्याचा खेळ. त्याबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचा आशय असा: या खेळात इंधन जळत नाही, म्हणून निसर्गाला त्याची तोशीस नाही, जुना बोर्ड टाकून द्या, त्याचं रिसायकलिंग होतं, नवा ‘इको’ लिहिलेला घ्या, नाहीतर घरीच बनवा, घरचा बोर्ड पूर्ण निसर्गस्नेही असतो. मी हा खेळ जीव लावून खेळतो, बोर्ड दुरुस्तही करतो. म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

पाण्यावर इंधन लागत नाही, हे खरं. पण बोर्ड पाण्यात उतरण्याआधीच त्याचा बराचसा भार निसर्गावर पडून गेलेला असतो. आजच्या बहुतेक बोर्डांच्या पोटात ईपीएस असतो, म्हणजे पॅकिंगमध्ये येतो तोच पांढरा फोम. त्यावर बऱ्याचदा पीव्हीसी फोमचा थर, मग काच किंवा कार्बनच्या धाग्यांचं कापड आणि ते जखडून ठेवणारं इपॉक्सी रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव. शिडाची पारदर्शक मोनोफिल्म पॉलिएस्टरची. पाण्यात अंग उबदार ठेवणारा वेटसूट निओप्रीन या कृत्रिम रबराचा, चुनखडीपासून केलेलं निओप्रीन निसर्गाला सौम्य म्हणून विकतात, पण चुनखडीपासून आधी कॅल्शियम कार्बाइड करावं लागतं, त्याला भरमसाट वीज लागते, आणि पुढे तयार होतं ते क्लोरोप्रीनच, म्हणजे निओप्रीनचा नेहमीचाच कच्चा माल. वाऱ्याच्या शोधात केलेला विमानप्रवास तर हिशेबात कुणी धरतच नाही.

रिसायकलिंगचा दावा सगळ्यांत फसवा आहे. इपॉक्सी एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. फोम, कापड आणि रेझिन एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते वेगळे करणं परवडत नाही. 1970च्या दशकातल्या मूळ ‘विंडसर्फर’ बोर्डाचं पॉलिथिलीनचं कवच वितळू शकतं, पण त्याच्याही आत पॉलियुरेथेन फोम भरलेला असे. टाकून दिलेला बोर्ड बहुतेक वेळा जमिनीत गाडला जातो किंवा जाळला जातो.

‘इको’ बोर्डातल्या जैव-इपॉक्सीचा काही भाग वनस्पतींतून येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण घट्ट झाल्यावर तेही वितळत नाही. धडधाकट बोर्ड टाकून तो घेतला तर एकाऐवजी दोन बोर्डांचा भार झाला. स्पर्धेचा ठरलेला बोर्ड बदलत राहून ऑलिम्पिकनेही हेच वळण लावलं: 1996 ते 2004 मिस्ट्रल, 2008पासून आरएस:एक्स, 2024मध्ये आयक्यूफॉइल. प्रत्येक बदलाबरोबर वापरण्याजोगे बोर्ड स्पर्धेतून बाद झाले. मला हे मनापासून खटकतं.

घरी बोर्ड बनवण्याचा आनंद मी जाणतो, पण साहित्य तेच असतं. ईपीएस तासताना त्याचे दाणे उडून थेट पाण्यापर्यंत जातात, म्हणून बंद जागेत काम करून ते गोळा करायला हवेत. स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर रेझिन लावलं तर त्यातलं स्टायरीन हे रसायन ईपीएस विरघळवतं आणि अख्खा फोम वाया जातो. इपॉक्सी एकदम जास्त मिसळलं तर भांड्यातच तापून धुरकटतं. हातमोज्यांशिवाय हाताळलं तर त्याची कायमची ॲलर्जी होऊ शकते. पोकळ लाकडी बोर्डात फोम वाचतो, पण बाहेरून इपॉक्सी आणि काचेचं कापड बहुधा लागतंच. नवा गाभा आणण्याऐवजी जुना रुंद बोर्ड घ्या, शिडाची काठी बसवायची खाच (मास्ट ट्रॅक) बुजवा, वर पकड देणारं पॅड चिकटवा. शांत पाण्यात वल्हवायला तो उत्तम चालतो.

मजकुरात दुरुस्तीचा उल्लेखच नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो. बोर्डाला टवका गेला की लगेच पाण्याबाहेर काढायचा, कारण ईपीएसच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं. वरून सुकलेला दिसला म्हणून भरायची घाई करायची नाही. दर दोन-तीन दिवसांनी वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की मगच कडा घासून कापड आणि इपॉक्सी लावायचं. यात कधी कधी कित्येक आठवडे जातात. उन्हात तापलेल्या गाडीत बोर्ड ठेवू नका. ठेवावाच लागला तर बोर्डातली हवा बाहेर सोडणारा व्हेंट स्क्रू सैल करा, नाहीतर आतली हवा फुगून थर सुटतात. आणि पाण्यात उतरण्याआधी तो स्क्रू आठवणीने घट्ट करा.

मोनोफिल्म उन्हाने ठिसूळ होते, म्हणून खेळ संपला की शीड सावलीत गुंडाळा. तरीही एखादा पट्टा फाटलाच तर शिडं शिवणारा तेवढाच बदलून देतो. बाकीचं शीड शाबूत असतं.