टेकडीचे भाडे वेगळे

कोथरूडमधल्या ज्या वन बीएचके सदनिकेत मी 2021 पासून भाड्याने राहतो, तिच्यात आजवर एका खिळ्याचीही भर पडलेली नाही, कारण खिळे ठोकण्यास करारनाम्यानेच मनाई केली आहे. भाडे मात्र 18,000 वरून 26,000 वर गेले आहे.

पहिल्या वाढीच्या वेळी, ‘काका, घर तर तेच आहे,’ असे मी मालकांना अदबीने सांगितले, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवून ‘मेट्रो!’ एवढेच उत्तर दिले. वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो मार्च 2022 मध्ये सुरू झाली, हे खरेच; परंतु माझे कार्यालय हिंजवडीला आहे आणि ही मेट्रो माझ्याकडे पाठ करून जाते, हा तपशील त्यांना गौण वाटला. पुढच्या खेपेस टेकडी निघाली. आमच्या घरातून टेकडी दिसते, नाही असे नाही. फक्त त्यासाठी न्हाणीघरातली बादली पालथी घालून तिच्यावर उभे राहावे लागते आणि झरोक्यातून मान तिरपी करावी लागते. बादली माझी स्वतःची आहे.

करार दर वेळी अकरा महिन्यांचा होतो. बारा महिने लिहिले की नोंदणी करावी लागते, असा एक पिढीजात समज आहे. वास्तविक महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, त्याची नोंदणी करावीच लागते. तरीही बारा लिहिण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. परिणामी आमच्या एजंटचे वर्ष अकरा महिन्यांचेच असते आणि त्याची दलाली दर वर्षी एक महिना आधी माझ्या दारात उभी राहते. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि नोंदणीचे 1,000 रुपये एवढ्यावर सरकार समाधानी आहे. केवळ अंगठा उमटवण्याचे यंत्र घरी आणणारा मनुष्य त्याहून अधिक घेऊन जातो.

यंदा मी पूर्वतयारीने गेलो. ‘काका, लिफ्ट सहा महिने बंद आहे. मी रोज चार मजले चढतो. तेव्हा या वर्षी भाडे थोडे कमीच व्हायला हवे.’

काकांनी चष्मा काढून पुसला. ‘अहो, लिफ्ट या महिन्यात दुरुस्त होते आहे,’ ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, ‘म्हणून तर दीड हजार वाढवले.’