होम थिएटरविषयीच्या आपल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

पावणेदोन लाख रुपये मोजूनही चित्रपटातले संवाद कळत नाहीत, गाण्यांत नुसता धमधमाट होतो आणि गेममध्ये गोळी सुटल्यावर आवाज उशिरा येतो. म्हणजे आम्ही चुकीचा ५.१ संच (पाच स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठीचा एक सबवूफर) आपल्या गळ्यात मारला आणि आता तो सबवूफर परत घेऊन मोठा द्यावा, असे आपण लिहिले आहे. हे तिन्ही त्रास खरे असणार, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्यांची कारणे वेगवेगळी आहेत आणि मोठा सबवूफर हे त्यांपैकी एकाचेही उत्तर नाही. तो विकण्यात माझा फायदाच आहे, पण त्याने आपला धमधमाट वाढेल.

आपण रिव्ह्यूसोबत हॉलचे फोटो टाकले, ते बरे झाले. आम्ही संच बसवला तेव्हा नसलेले वॉल युनिट आता तेथे दिसते आणि सेंटर स्पीकर त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात वीतभर आत ढकललेला आहे. चित्रपटातले संवाद बहुतांशी या एकाच स्पीकरमधून येतात. आतल्या फळ्यांवर आपटून त्याचा आवाज घुसमटतो आणि स्पीकरचे तोंड ऐकणाऱ्याच्या कानांऐवजी गुडघ्यांकडे राहते. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढून पुढच्या बाजूखाली रबरी गुटके द्यावेत, म्हणजे तोंड वर होईल. त्यानंतर रिसिव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या पेटीच्या, मेनूत सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. रात्री नाइट मोड लावल्यास हळू संवाद आणि मोठे स्फोट यांतले अंतरही कमी होते. शेजाऱ्यांच्या साउंडबारवर संवाद स्वच्छ येतात हे आपले निरीक्षण बरोबर आहे, कारण तो टीव्हीखाली मोकळा ठेवलेला असतो. फक्त मालिका आणि चित्रपट पाहणाऱ्याला मीही साउंडबारच सुचवतो. आपण मात्र गाण्यांना पहिले स्थान दिले होते.

आता धमधमाटाविषयी, कारण खरी अडचण तेथेच आहे. आमच्या नोंदीप्रमाणे हॉल १२ बाय १२ फुटांचा, म्हणजे चौरस आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १२ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा, म्हणजे खूप खालच्या स्वराचा, आवाज अडकून फुगतो आणि लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे हा परिणाम दोन्ही दिशांनी एकाच जागी साचतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची असते, त्यामुळे तिच्यावरचे काही स्वर नेमके या सापळ्यात सापडतात: एक स्वर अंगावर येतो आणि त्याच्या पुढचा बेताचा वाटतो. असा फुगवटा भिंतीलगत सर्वाधिक असतो. आपला सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि सबवूफर कोपऱ्यात आहे, म्हणजे दोन्ही वस्तू नको तेथेच आहेत. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्यावा. मग सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवून ओळखीचे गाणे लावावे, स्वतः भिंतीकडेने जमिनीलगत रांगत ऐकावे आणि जेथे सगळे खालचे स्वर सारखे वाटतील तेथे सबवूफर ठेवावा. घरचे हसतील, पण हा उपाय खरोखर चालतो. जाड पडदे आणि सतरंजी यांनी व्हिट्रिफाइड फरशीवरचा प्रतिध्वनी कमी होऊन संवादांना मदत होईल; ४७ हर्ट्झचे मात्र त्याने काहीही बिघडणार नाही. गाणी ऐकताना रिसिव्हर स्टिरिओवर ठेवावा. दोन स्पीकरसाठी ध्वनिमुद्रित झालेले गाणे पाचांत वाटून ऐकणे मला स्वतःला पटत नाही.

गेमचा प्रश्न केबलचा दिसतो. फोटोत प्लेस्टेशन ५ ची एचडीएमआय केबल टीव्हीत गेलेली आहे. टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलने रिसिव्हरकडे पाठवण्याच्या सोयीला एआरसी म्हणतात; आपल्या टीव्हीला तिची सुधारित आवृत्ती ई-एआरसी नसून साधे एआरसी आहे आणि त्यातून न दाबलेला (अनकम्प्रेस्ड) बहुवाहिनी आवाज जाऊ शकत नाही. टीव्ही तो दोन वाहिन्यांचा करतो किंवा नव्याने बांधून पुढे पाठवतो, आणि या बांधाबांधीत वेळ जातो. कन्सोल थेट रिसिव्हरच्या इनपुटला जोडावा आणि टीव्हीवर गेम मोड लावावा. रात्री हेडफोन वापरत असाल, तर ब्लूटूथऐवजी वायरचा हेडफोन कंट्रोलरलाच जोडावा.

या बदलांनंतर रिसिव्हरचे माइकने केलेले खोलीतल्या आवाजाचे जुने मोजमाप उपयोगाचे राहणार नाही, कारण ते वॉल युनिट येण्यापूर्वीचे आहे. नवे मोजमाप आमचा तंत्रज्ञ विनाशुल्क करून देईल. दुकानात फोन करून सोयीचा दिवस कळवावा. त्यानंतरही संवाद नीट आले नाहीत, तर सेंटर स्पीकर बदलण्याविषयी बोलू. लांब एचडीएमआय केबल तंत्रज्ञ सोबत आणेल, सोफा पुढे घेताना हात लावायला मात्र घरातले एक माणूस लागेल.

आपला,
दुकानमालक